केस वाढेपर्यंत

नाही नाही, मान अशीच राहू द्या — थोडी खाली, हां, बस — आणि तो माझ्या फोटोचा विषय आपण इथंच सोडून देऊ. आमच्या चर्चचे पाळक ग्वोन तुम्हाला म्हणाले असतील, 'आमच्या जे-वनचा एक फोटो घ्या, त्या आजींच्या शेजारी उभा करून, मंडळीच्या वार्षिक अंकात छापायचाय.' मनानं फार मोठे आहेत पाळकसाहेब, त्यांना सगळ्यांचंच काही ना काही छापायचं असतं. पण दादा, तुम्ही सकाळच्या बसनं एवढं सामान उचलून या डोंगरात आलात ते आमच्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायला. ते काढा. माझा नको. का म्हणजे? कान बघा ना माझे. केस कापणाऱ्याचेच कान असे सुपासारखे बाहेर आलेले, ही काय दुकानाची जाहिरात झाली? — हसू नका, हातात वस्तरा आहे. म्हणजे वस्तरा अजून नाही, कात्रीच आहे, पण हसू नका.

तुम्हाला वाटत असेल, काय बोलतो हा माणूस. बाहेर जाऊन विचारा कुणालाही, प्यो जे-वन कसा आहे — म्हणतील, तो होय, तो मुका. मला समोरून बोलता येत नाही. समोरच्यानं डोळ्यांत बघितलं की जीभ टाळ्याला चिकटते. मागून येतं. डोक्याच्या मागं उभं राहिलं, हातात कात्री असली की येतं आपोआप. म्हणून आरशात बघू नका माझ्याकडे, मग परत बंद पडेल. शाळा पंधराव्या वर्षी सोडली. वडिलांच्या छातीत खाणीची धूळ भरली म्हणून सोडली असं सांगतो मी, आणि ते खरंही आहे, पण वर्गासमोर उभं राहून धडा वाचावा लागायचा, हेही होतंच. मग इथं, या दुकानाच्या जुन्या मास्तरांच्या हाताखाली आलो. हे सगळं त्यांचंच — ही खुर्ची, ती झाडांना पाणी घालायची झारी, अजून तिनंच डोकी धुतो मी, आणि तो स्टोव्ह. दाढीच्या साबणाचा फेस ब्रशवर घेऊन त्या स्टोव्हच्या नळकांड्यावर फिरवायचा, म्हणजे कोमट होतो. मास्तर म्हणायचे, गालाला गार फेस लावणं म्हणजे माणसाचा अपमान. एवढंच शास्त्र मला येतं. बाकी चर्चमध्ये लोक उठून साक्ष देतात, प्रभूनं माझ्या आयुष्यात असं केलं, तसं केलं, रडतात, रडवतात. माझी पाळी आली की मी उठतो आणि खुर्च्या सरळ लावायला लागतो. लोक बसलेले असतात हो त्या खुर्च्यांवर.

आणि या माणसाला ते डीकन, म्हणजे मंडळीचा कारभारी सेवक, करणार आहेत. मला. पुढच्या महिन्यात. आमच्या मंडळीत चाळिशीच्या आत कुणी डीकन झालेलं नाही, मी एकोणतीस वर्षांचा, मला दहा माणसांपुढं 'आमेन'सुद्धा मोठ्यानं म्हणता येत नाही. कारण काय, तर मी रोज सकाळ-संध्याकाळ टेकडी चढून जोंगसन आजींकडे जातो. स्टोव्हमधली कोळशाची वडी बदलतो, राख खाली आणतो, दोन वर्षं एक दिवस चुकवलेला नाही. तेच ऐकून तुम्ही मघाशी म्हणालात ना, 'म्हणजे तुम्हीच का ते?' — हो, मीच तो. पण मी का जातो ते पाळकांना माहीत नाही. कुणालाच नाही. आजींना माहीत आहे, आणि — जरा डावीकडे — आता तुम्हालाही कळेल असं दिसतंय, खरं तर मी इथंच गप्प बसायला हवं. पण आज अकरा वाजता त्या इथं येणार. याच खुर्चीत बसणार. मी त्यांचे केस करून द्यायचे, मग चर्चच्या हॉलमध्ये तुम्ही फोटो काढायचा. म्हणून सकाळपासून ही खुर्ची तीनदा पुसलीय.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी असाच फोटोचा शनिवार होता. चर्चच्या फलकावर आम्ही लिहितो 'दीर्घायुष्याचे फोटो', पण म्हाताऱ्यांना काय ते कळत नाही का? मयतीच्या दिवशी फुलांच्या मधोमध ठेवायचा फोटो. आणि तो वेळेत काढलेला नसला तर मुलं कुठल्यातरी लग्नाच्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा करून आणतात, अर्धा खांदा दुसऱ्याचाच येतो त्यात. म्हणून या सगळ्या नवरीसारखी तयारी करतात. ठेवणीतला रेशमी हानबोक, ओठांना लाली, आणि डोक्यावर पर्म, म्हणजे औषधानं कुरळे केलेले केस. पर्म पाहिजे म्हणजे पाहिजेच. आमच्या आज्या मागून सगळ्या एकीसारखी एक दिसतात, बघितलं असेल तुम्ही, फुलकोबीचा वाफा. तर हे पर्म दर वर्षी बाजारातली पार्लरवाली करून द्यायची, फुकट, सेवा म्हणून. त्या वर्षी आठवडाभर आधी चर्चच्या अंगणात शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी किमची घालायचं काम चाललं होतं, तीनशे कोबी, आणि मीठ लावलेल्या कोबीचं घमेलं उचलताना तिची कंबर धरली. झोपूनच राहिली. मग ह्वांगबो काकू — त्या आमच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख, खरं सांगायचं तर अख्ख्या मंडळीच्याच, पाळकसुद्धा त्यांना विचारून खोकतात — त्या म्हणाल्या, 'आपला जे-वन आहे की. केस ते केस.' मी पुरुषांचा न्हावी. मी म्हणालो — काय म्हणालो? काहीच नाही. नुसता उभा राहिलो. गप्प राहिलं की लोक आपल्याला नम्र समजतात, हा मला आयुष्यभर झालेला मोठा त्रास आहे. पार्लरवालीनं अंथरुणात पालथं पडल्या पडल्या मला दोन संध्याकाळी शिकवलं. डोकं कुठून आणणार, तिच्या उशीला झालर होती, तिलाच रोलर गुंडाळून शिकलो. चांगली कुरळी झाली हो झालर.

आणि गंमत म्हणजे हॉलमधल्या पाच आज्या नीट झाल्या. एकदम नीट. मला जरा चढलीच. सहाव्या जोंगसन आजी. त्यांना खाली येता येत नव्हतं, गुडघे. टेकडीच्या माथ्यावर खाणकामगारांची जुनी चाळ आहे ना, बसमधून पत्रे दिसले असतील, तिथं शेवटचं दार. बाकीची दारं बंदच, खाण मिटली तशी माणसं गेली. त्या आमच्या मंडळीतल्या नाहीत. पहाटे उठून अंगणातल्या मडक्यांच्या ओट्यावर स्वच्छ पाण्याची वाटी ठेवतात, डोंगराकडे तोंड करून हात चोळत मागणं मागतात, आणि आमच्या काकू येशूची पत्रकं देऊन येतात ती खिडकीच्या फटींना चिकटवतात. म्हणतात, 'तुमच्या देवाचा कागद जाड असतो, वारा आत येत नाही.' पण फोटो त्यांना हवा होता. नवरा खाणीतच गेला, तरुणपणी. त्याचा एकच फोटो, खाणीच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा, तो मोठा करून भिंतीवर लावलाय — माणूस कमी आणि डाग जास्त. त्या मला म्हणाल्या, 'मी तरी ओळखू येईन असा काढा. वर गेल्यावर तो विचारेल, ही म्हातारी कोण, तर काही दाखवायला नको?' हे सांगताना हसत होत्या. दात नाहीत त्यांना वरचे.

मी रोलर लावले. औषध लावलं, पातळ टोपी घातली. बारा मिनिटं ठेवायचं असतं, पार्लरवालीनं चारदा बजावलं होतं, म्हाताऱ्या केसांना बारा, वर एक नाही. आणि ह्वांगबो काकूंनी दुसरंच बजावलं होतं — 'घरात जातोयस, तर प्रार्थना केल्याशिवाय येऊ नकोस.' मी आजींना विचारलं, करू का. त्या म्हणाल्या, 'कर बाबा, तसेही हात रिकामेच आहेत तुझे.' मी डोळे मिटले. आणि दादा, काय सांगू, शब्द यायला लागले. मला. त्यांची पाठ माझ्याकडे, त्यांचे डोळे मिटलेले, माझे मिटलेले, खोलीत तिसरं कुणी नाही. त्यांच्या गुडघ्यांसाठी मागितलं. नवऱ्यासाठी, चाळीसाठी, माझ्या वडिलांसाठी, मंडळीसाठी, मग राष्ट्राध्यक्ष, मंत्री, सीमेवर उभी असलेली पोरं, मग देशाचे उत्तर-दक्षिण असे दोन तुकडे एक व्हावेत म्हणून — ते तर आमच्याकडे असतंच, त्याशिवाय आमेन म्हणवत नाही — आणि मग ज्या देशांची नावं मला धड घेता येत नाहीत तिथं धर्मप्रसाराला गेलेले सेवक, त्यांची मुलं, मुलांच्या शाळा. जन्मात पहिल्यांदा प्रार्थना जमत होती मला. रडलो मी. मला वाटलं, हेच ते, लोक म्हणतात ते हेच. उत्तर-दक्षिण एक करून, सगळं जग फिरून मी परत आलो, आमेन म्हणालो, डोळे उघडले, घड्याळ बघितलं — पन्नास मिनिटं.

पहिला रोलर सोडवला तो केसांसकट हातात आला. दुसरा सोडवायची गरजच पडली नाही, तो आपणच पडला. कानाच्या मागं थोडे राहिले, कोवळ्या गवतासारखे, बाकी सगळं — कातडी भाजली नाही, ते मात्र खरंच नशीब. देवानं म्हणे प्रत्येकाच्या डोक्यावरचा केस न् केस मोजलेला असतो. त्या दिवशी त्यालाही पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं असेल. आजींनी हात वर नेला, चाचपलं. हळूहळू, पुढून मागं, मागून पुढं. मी वाट बघत होतो ओरडतील म्हणून. त्या म्हणाल्या, 'कात्रीवाल्या, तुझ्या देवाला केस हवे होते तर सरळ मागायचे की.' मी खाली बसलो, डोकं जमिनीला टेकलं, रडायलाच लागलो. तर म्हणतात, 'ऊठ. रडून चिकटणार आहेत का? ती लोकरीची टोपी दे खुंटीवरची. आणि ऐक. केस वाढेपर्यंत तू माझा. सकाळ-संध्याकाळ यायचं, कोळसा बदलायचा, सांगेन ते करायचं. आणि माझ्या घरात यापुढं देवाशी बोलायचं असेल तर डोळे उघडे ठेवून बोलायचं. त्याला चालत नसेल तर अंगणात जाऊन बोल.'

तर ही माझी सेवा. सेवा कसली, सजा. पहिला महिना मी दिवस मोजत होतो, कैदी मोजतो तसे. केस महिन्याला बोटाचं अर्धं पेर वाढतात, हे मला धंद्यामुळं माहीत, म्हणजे सहा महिने, फार तर सात. पण त्या डोळे उघडे ठेवायला लावायच्या ना. आता कोळशाची वडी बदलताना, चिमटा धरून खालची विझलेली बाहेर, वरची पेटती खाली — तुम्हाला माहीत आहे ते — माझं तोंड चालू असतं मनातल्या मनात, 'प्रभू, आजींना सुखी ठेव', आणि डोळे उघडे. मग दिसतं. दिसलं की त्यांनी स्टोव्हची हवेची झडप जवळजवळ बंद ठेवलीय, एक वडी दिवसभर पुरावी म्हणून, आणि खोली बर्फ. दिसलं की त्या खाली बसून जेवत नाहीत, उभ्यानं जेवतात, कारण बसलं की उठता येत नाही. पायाची नखं दिसली. ती कुणी वर्षभर कापली नव्हती, हात पोचत नाही त्यांचा, चप्पल का घालत नाहीत ते मला तेव्हा कळलं. डोळे मिटले असते तर मी आपला 'सुखी ठेव, सुखी ठेव' करत घरी आलो असतो आणि मला बरंसुद्धा वाटलं असतं. हे मी काही शहाणपण म्हणून सांगत नाही — मी काय शहाणपण सांगणार, आठवी पास माणूस — पण नखं कापली मी. दर पंधरा दिवसांनी. गरम पाण्यात पाय ठेवून आधी, नाहीतर तुटत नाहीत. आणि एक जुनी बाबागाडी आणून दिली, ढकलत चालायला. आता त्या तिला धरून अंगणातून विहिरीपर्यंत जातात. एक चाक करकरतं. तेल घालायचं राहिलंय. राहिलंय म्हणजे — मी घालत नाहीय. सकाळी वर चढताना वळणावर तो करकर आवाज आला की मला कळतं, उठल्यात.

आणि त्या मला उपाशी सोडत नाहीत. बटाट्याच्या पिठाचे गोळे घातलेलं सूप, जिभेला चटका बसेल असं. मी खाल्लं नाही तर म्हणतात, 'तुझं डोकं काय माझ्याएवढं हलकं झालंय का, की जेवण जाईना?'

पण खरी लाज पुढंच आहे. टोपीतलं डोकं ह्वांगबो काकूंनी बघितलं. आता केस नसलेली म्हातारी बघितली की माणसाच्या मनात काय येणार? संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीत झालं, आजींना कॅन्सर आहे. मी तिथंच उभा होतो. माझ्या समोर काकूंनी आजींना विचारलं, 'औषधानं गेले का हो केस?' आणि आजी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'औषधानंच गेले.' खोटं बोलल्या का? नाही. औषधच होतं ना ते. मग भोपळ्याची पेज यायला लागली. मग कोंबडी आली, जिनसेंग घालून. उपवासप्रार्थना झाली त्यांच्यासाठी, तीन दिवसांची, चाळीस माणसं जेवली नाहीत, मीही जेवलो नाही, माझ्याइतकं मनापासून कुणीच उपाशी राहिलं नसेल. आणि आजी सगळं चाटूनपुसून खातात, भांडं माझ्या हातात देतात आणि म्हणतात, 'तुझ्या पापाची पेज चवीला चांगली असते. अजून दोन-चार पापं कर.' मग केस यायला लागले, तर मंडळीत म्हणतात, प्रार्थना ऐकली गेली. पाळकांनी उपदेशात सांगितलं — नाव घेतलं नाही माझं, पण 'आपल्यातला एक तरुण, जो बोलत नाही, करतो' म्हणाले, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. उघडलं, आणि उठून खुर्च्या लावायला गेलो.

काय म्हणालात? — गेल्या वर्षी? हो, गेल्या वर्षीही झाला की फोटोचा दिवस. दुसरे कुणी आले होते तुमच्याऐवजी. आजींचा नाही काढला. केस वाढले नव्हते अजून. — दादा, मान वर नका करू. हो, मी म्हणालो सहा-सात महिने. वर्ष होऊन गेलं होतं, मान्य आहे. काही डोकी सावकाश वाढवतात, वयामुळं, खाण्यामुळं — हे बघा, कानाकडं थोडं जास्तच गेलं आता, तुम्ही हललात. दुसरी बाजूही घेतो, मग कळणार नाही. वाढेल. वाढतातच केस. तेच तर —

बरं. वाढले होते. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच वाढले होते, पांढरेशुभ्र, छान दाट, रोलर बसेल एवढे. मीच कापत होतो. महिन्यातून एकदा, नखं झाली की म्हणायचो, 'आजी, टोकं फाटलीत, जरा सारखी करतो, म्हणजे जोरात वाढतील.' धंद्यातला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? आणि अर्धं पेर वाढले की अर्धं पेर काढायचे. त्यांना आता आरशात दिसत नाही नीट. दीड वर्षं, दादा. डीकन होणार हा माणूस. — का म्हणजे? मला काय माहीत. या गावात फोटो काढलेल्या आज्या म्हणतात, 'चला, आता मरायला मोकळी', आणि त्यातल्या तिघी वर्षाच्या आत गेल्यासुद्धा. फोटोनं कुणी मरत नाही हे मला कळतं, ख्रिस्ती माणसानं असलं मनात आणू नये हेही कळतं. पण कात्री हातात असते ना. आणि ते एक 'केस वाढेपर्यंत' — म्हणजे केस वाढले की संपलं. मग सकाळी मी — राहू द्या. डोळे मिटा, केस उडतील.

सोमवारी नखं कापत होतो. आजी म्हणाल्या, 'कात्रीवाल्या, माझे केस फार आळशी झाले नाही का?' मी म्हणालो, 'वय आहे, आजी.' म्हणाल्या, 'नखं मात्र दर पंधरा दिवसांनी कापावी लागतात. नखांना कुणी सांगितलं नाही वाटतं माझं वय.' मी खाली बघितलं. त्या म्हणाल्या, 'फोटो काढला म्हणून मी मरेन असं वाटतं तुला? इतकी सोपी असते तर खाणवाल्यांनीच मारली असती.' समोर बसल्या होत्या ना, डोळ्यांत बघत. काय बोलणार. आणि मग दादा, त्यांनी काय केलं माहीत आहे — वळल्या. गुडघे धरून, जमिनीवर हात टेकत, एवढंसं वळायला त्यांना किती वेळ लागला, मी धरायला गेलो तर हात झटकला. भिंतीकडं तोंड करून बसल्या, पाठ माझ्याकडं, आणि म्हणाल्या, 'हं. आता बोल.'

बोललो मी. काय बोललो ते — म्हणालो, 'फोटो झाला की मग सकाळी मी कुठं जाऊ?' एवढंच. एकोणतीस वर्षांच्या बाप्यानं. त्या भिंतीकडंच बघत होत्या, नवऱ्याचा तो डाग आहे त्या भिंतीकडं. म्हणाल्या, 'ज्या वाटेनं येतोस त्याच वाटेनं ये. कोळशाला काय ठाऊक माझा फोटो निघालाय ते?' मग म्हणाल्या, 'शनिवारी मी खाली येते. माझ्या पायांनी. तू घ्यायला यायचं नाही, पाठीवर बसवून न्यायचं नाही, मी काही कोळसा नाही. फोटोवाल्याला थांबवून ठेव. आणि या वेळी केस कर, प्रार्थना करू नकोस.' परत वळता वळता म्हणाल्या, 'केलीस तरी चालेल. बारा मिनिटांची कर.'

उठा, इकडं या, बेसिनवर वाका, डोकं धुवून देतो. — पाणी कोमट आहे ना? झारीचं पाणी कसं एकसारखं पडतं, नळाला ते येत नाही. — पाळकांना सांगणार आहे मी. तुम्ही नका सांगू, किंवा सांगा हवं तर, नाही, नकोच, माझं मी सांगतो. परवा सोमवारी ते केस कापायला येतात. मागून सांगेन. फक्त वस्तरा लावायच्या आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर दचकतील. मग डीकन करतात की नाही ते त्यांचं. खुर्च्या लावायला डीकन असावं लागत नाही.

हां, पुसून घ्या. मागून कट चांगला झालाय. कानांच्या वर दोन्हीकडं सारखाच जास्त गेलाय, म्हणजे बरोबरच झाला म्हणायचा. — नाही नाही, पाकीट ठेवा आत. तुम्ही म्हाताऱ्यांकडून घेणार आहात का काही? मग.

अकराला किती कमी आहेत? वाटेवर राख टाकून ठेवलीय मी सकाळी, वळणापर्यंत, दोनदा टाकली, घसरायचं काही कारण नाही. वरून खाली यायला त्यांना तासभर लागेल. दहाला निघाल्या असतील तर — कालच्या बर्फानं ती गटाराकडची फरशी जरा — मी जाऊन बघून येऊ का? नको. नको म्हणाल्यात. तुम्ही काही बोलू नका जरा.

ऐकलंत?

नाही, ते नाही, ती सायकल. त्याच्या मागून. करकर. थांबली. — हां. परत. वळण उतरल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा हा आवाज मी इथं खाली, दुकानात ऐकतोय.

चला, खुर्ची रिकामी करा, तो टॉवेल इकडं द्या. रोलर गरम पाण्यात आहेत, औषध उघडलंय. तुम्ही त्या बाकावर बसा आणि हे घड्याळ धरा हातात. बारा मिनिटं. माझ्याकडं बघत राहा, आणि माझे डोळे मिटलेले दिसले तर खोका. मोठ्यानं खोका. आणि फोटोत आजींची मान थोडी उजवीकडं घ्या, कानाच्या वर एका जागी अजून — नाही, असू दे. जशा बसतील तशा काढा. मी शेजारी उभा राहणार नाही, हे आधीच सांगतो. अगदीच त्यांनी हट्ट केला तर मागं उभा राहीन.

आल्या. दार तुम्हीच उघडा, दादा. त्या समोरून येणार, म्हणजे मला —